दारावरची महिरप

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणीतरी एका विषयावर चार शब्द बोलावे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. आहार, बचत, मुलांचा अभ्यास असे विषय सुचवले गेले होते; परंतु मी विषय मागून घेतला तो 'इस्लामी वास्तुकला म्हणजे काय आणि तिची मुख्य तत्त्वे कोणती' हा. नाव ऐकताच काही जणींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मी पाहिल्या. भोर-वेल्ह्याच्या बायकांना हे कशाला, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून आधी कारण सांगते.

मागच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आरास करण्याचे काम चार मुलींनी अंगावर घेतले होते. त्यांत शेजारच्या मुसलमान कुटुंबातली एक मुलगीही होती. मुलींनी पुठ्ठ्याचे मखर केले आणि वर टोकदार कमान कापून बसवली. दोन टाचण्या, एक दोरा आणि पेन्सिल घेऊन ती कमान त्या मुलीने आखली होती. आरास मांडून झाली, तोच कोणीतरी म्हणाले, "अगं बाई, ही मशिदीची कमान गौरीला कशाला?" वाद झाला नाही. मुलींनी मुकाट्याने कमान काढली, तिथे सरळ पट्टी लावली आणि हळदीकुंकू नीट पार पडले. त्या मुलीने तो पुठ्ठा घडी करून घरी नेला.

भगिनींनो, ती कमान आखायला त्या मुलींना मीच शिकवले होते आणि त्या वेळी मी तिथेच उभी होते. मला उत्तर येत होते. पण कार्यात विघ्न नको, म्हणून मी गप्प बसले. ते गप्प बसणे मला वर्षभर टोचत राहिले. आजचे भाषण म्हणजे तेव्हा द्यायचे राहिलेले उत्तर आहे, असे समजा.

प्रथम एका शब्दाकडे पाहू. जेवणाच्या ताटाभोवती आपण रांगोळी काढतो, तिला काय म्हणतो? महिरप. गणपतीच्या मखराला वर लावतो ती महिरप. गणिताच्या पुस्तकात मुले शिकतात तो महिरपी कंस. हा शब्द आला आहे अरबी 'मिहराब'वरून, आणि मिहराब म्हणजे मशिदीच्या भिंतीतला कमानदार कोनाडा. तेव्हा गौरीपुढे महिरप हवी पण मिहराब नको, असे म्हणणे म्हणजे एकाच बाईला माहेरच्या नावाने बोलावले तर घरात घ्यायचे आणि सासरच्या नावाने आली तर दाराबाहेर उभे करायचे, तशातला प्रकार झाला. आणि हा एकटाच शब्द नव्हे. इमारत, कमान, घुमट, दालन, मजला, बुरूज, हौद हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी झाले. त्या वस्तू आपल्या घरात आल्या, तेव्हा शब्दही पाठोपाठ आले.

आता मुख्य विषयाकडे वळते. इस्लामी वास्तुकला म्हटले की डोळ्यांपुढे घुमट आणि मिनार उभे राहतात. पण ही तिची खरी खूण नव्हे. इ.स. ६२२ मध्ये प्रेषित महंमद मदिनेला आले, तेव्हा तिथे उभारलेल्या त्यांच्या मशिदीला ना घुमट होता ना मिनार. कच्च्या विटांची भिंत, मध्ये अंगण, खजुराच्या खोडांचे खांब आणि झावळ्यांचे छप्पर, एवढेच. केरळात कोळिकोडची जुनी मिश्काल मशीद पाहा. तिला लाकडाची, एकावर एक चढत जाणारी उतरती छपरे आहेत. चीनमधल्या शिआन गावची जुनी मशीद तर थेट चिनी मंदिरासारखी दिसते. तेव्हा आकार हा देशादेशाप्रमाणे बदलला. मग बदलले नाही ते काय? माझ्या समजुतीप्रमाणे चार गोष्टी मी सांगते.

पहिली गोष्ट दिशेची. नमाज मक्केकडे तोंड करून पढतात. आपल्या देशातून ती दिशा पश्चिमेची, म्हणून येथल्या मशिदीची मुख्य भिंत पश्चिमेला असते. त्या भिंतीत मिहराब असतो आणि तो रिकामा असतो. त्यात मूर्ती नाही, चित्र नाही; तोंड कुठे करायचे, एवढेच तो सांगतो. आपल्या देवळात एकेक माणूस गाभाऱ्याशी जाऊन देवाचे दर्शन घेतो. म्हणून देऊळ सभामंडपाकडून गाभाऱ्याकडे अरुंद आणि अंधारे होत जाते. मशिदीत सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहायचे असते. म्हणून ती आडवी पसरते. विजापूरच्या जामा मशिदीत जमिनीवर एकेका माणसापुरत्या चौकटी आखलेल्या आहेत, त्या सुमारे सव्वादोन हजार भरतात. उपासनेची रीत वेगळी, म्हणून इमारत वेगळी. यात उणेअधिक काही नाही.

दुसरी गोष्ट कमानीची आणि घुमटाची. एवढी माणसे एका छपराखाली उभी करायची, तर खांबांची दाटी चालत नाही. आपल्याकडे जुनी देवळे खांबावर तुळई आणि तुळईवर पाट अशा रीतीने बांधलेली आहेत. दगडाची तुळई फार लांब केली तर मधोमध मोडते. म्हणून खांब जवळजवळ घ्यावे लागतात. कमानीत एकही लांब दगड लागत नाही. पाचरीसारखे निमुळते दगड लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी रचत न्यायचे, वर मधला शेवटचा दगड ठोकून बसवायचा आणि मग साचा काढायचा. दगड पडत का नाहीत? बाजाराच्या दिवशी भरलेल्या एस.टी.त आपण उभ्या असतो, तेव्हा गाडी कितीही हिसके देवो, कोणी पडत नाही, कारण जागाच नसते. शेजारणीने शेजारणीला दाबून धरलेले असते. कमानीतले दगड तसेच. मात्र कडेच्या बाईला टेकायला गाडीची भिंत लागते. त्याप्रमाणे कमानीचा बाहेरचा रेटा सोसायला दोन्ही अंगांना भक्कम भिंत लागते. म्हणून वेशीच्या कमानीशेजारी जाड बुरूज असतो.

कमान टोकदार का, हेही सांगते. अर्धगोल कमानीची उंची ठरलेली असते. दार जितके रुंद, त्याच्या निम्मी. दोन टाचण्या वेगवेगळ्या जागी रोवून दोन कंस काढले आणि ते वर टोकाला मिळवले, की रुंदी तीच ठेवून उंची हवी तेवढी घेता येते. शिवाय अशा कमानीचा रेटा बाहेर कमी आणि खाली अधिक जातो. त्या मुलीने पुठ्ठ्यावर आखली ती हीच कमान. कमान ही मुसलमानांनी शोधून काढली असेही नाही. रोमन लोकांच्या आणि इराणच्या जुन्या राजांच्या इमारतींत ती आधीपासून होती. मुसलमान गवंड्यांनी ती त्यांच्याकडून घेतली, सुधारली आणि देशोदेशी नेली.

कमानीची करामत पाहायची तर विजापूरचा गोल घुमट पाहावा. महंमद आदिलशहाची ही कबर. आतले दालन चौरस, एकेक बाजू सुमारे १३५ फूट, आणि मध्ये एकही खांब नाही. वरच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे १२४ फूट. चौकोनी दालनावर गोल झाकण कसे बसवायचे, हा खरा प्रश्न. तो गवंड्यांनी एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी सोडवला. चौकोनाचा त्यांनी वर जाता जाता आठ कोनांचा तारा केला आणि ताऱ्यावर घुमट ठेवला. वरच्या सज्जात कुजबुजले तरी पलीकडे स्पष्ट ऐकू येते.

तिसरी गोष्ट नक्षीची. मशिदीत माणसांची वा प्राण्यांची चित्रे नसतात. म्हणून कारागिराने आपले सारे कसब अक्षरांत, वेलींत आणि भूमितीच्या आकृत्यांत ओतले. विजापूरच्या इब्राहिम रोज्यात खिडक्यांच्या दगडी जाळ्याच अक्षरांच्या आहेत. भिंतीत वाक्य कोरलेले नाही, तर वाक्याचीच जाळी झाली आहे आणि त्यातून उजेड आत येतो. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीचे तत्त्व याहून फार दूर नाही. आधी ठिपके मांडायचे, मग एक आकृती जोडत जोडत चारी बाजूंना वाढवायची. ती कुठेही थांबवता येते आणि कितीही वाढवता येते.

चौथी गोष्ट अंगणाची आणि पाण्याची. या इमारतींचे तोंड रस्त्याकडे नसून आतल्या चौकाकडे असते. बाहेरून साधी भिंत. आत उजेड, वारा आणि हौद. नमाजापूर्वी हातपाय धुवायचे म्हणून पाणी हवेच. मकबऱ्यांत चौकाच्या जागी चार भागांची बाग येते आणि मधून पाण्याचे पाट वाहतात. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा तसाच आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली, तिची ही कबर. तिच्या बांधकामाशी अताउल्ला आणि हंसपत राय अशी दोन नावे जोडलेली आहेत. एक मुसलमान, एक हिंदू. गवंडीकाम असेच चालत आले आहे.

आता म्हणाल, विजापूर लांब, संभाजीनगर लांब. तर मग आपल्या रोहिड्यावर चला. बाजारवाडीवरून चढून गेले की पहिल्या दरवाजावर गणेशपट्टी आहे आणि वर मिहराबाची कमान आहे. तीनशेहून अधिक पावसाळे दोघेजण एकाच दारावर बसले आहेत. गणपतीने काही तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. आणखी वर तिसरा दरवाजा लागतो, तो चांगला भक्कम आहे. त्याच्या दोन्ही अंगांना हत्तींची डोकी कोरलेली आहेत. एका बाजूस मराठी शिलालेख आणि दुसऱ्या बाजूस फारसी. या लेखांवरून किल्ल्याची दुरुस्ती महंमद आदिलशहाने केली असे अनुमान निघते. म्हणजे गोल घुमट ज्याचा, त्याच राजाच्या अमलात आपल्या रोहिड्याचे हे काम झाले. राजाला दरवाजावर हत्ती चालले, कारण हा किल्ला होता, मशीद नव्हती. आणि लेख दोन भाषांत लिहावा लागला, कारण वाचणारे दोन्ही भाषांचे होते.

पुढे शिवाजी महाराजांनी रोहिडा घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० साली महाराजांनी तो परत मिळवला. त्या कमानी कोणी पाडल्या नाहीत. इतकेच नव्हे, वेल्ह्याकडच्या बायकांना रोज दिसतो तो राजगड घ्या. तिथला पाली दरवाजा पाहा, बालेकिल्ल्याचा महादरवाजा पाहा. दरवाजा कमानीचा आणि तिच्यावर कोरले आहे कमळ आणि स्वस्तिक! ज्यांनी स्वराज्य स्थापले, त्यांनी आपल्या राजधानीच्या दाराला कमानच निवडली, कारण तोफेपुढे आणि पावसापुढे टिकणारे दार तसेच बांधावे लागते. काळा दगड इथलाच, चुना इथलाच, हातही इथल्याच माणसांचे. मग ती कमान परकी कशी म्हणावी?

यावर कोणी म्हणेल, त्या काळी लढाया झाल्या, देवळे पडली, ते विसरायचे का? मुळीच नाही. इतिहास जसा घडला तसाच मुलांना सांगावा. पण तलवार कोणाच्या हातात होती, हा हिशेब कमान रचणाऱ्या गवंड्याच्या नावावर मांडू नये, आणि दोरा-पेन्सिल घेऊन बसलेल्या आपल्या शेजारच्या पोरीच्या नावावर तर मुळीच मांडू नये.

माझ्या दोन सूचना आहेत. मंडळाची पुढची सहल लांब कुठे न नेता रोहिड्यावर न्यावी आणि मुलींना बरोबर घ्यावे. दोन्ही शिलालेख त्यांना दाखवावेत. त्यावर खडू-कोळशाने कोणी नावे लिहू नयेत, हेही तिथेच सांगावे. अक्षरे एकदा झिजली की पुन्हा वाचता येत नाहीत.

दुसरी सूचना येत्या चैत्राची. मखराची आरास त्याच चार मुलींकडे द्यावी. त्या मुलीच्या आईला मी काल भेटले. तो पुठ्ठा तिने टाकलेला नाही. कपाटावर जपून ठेवला आहे. महिरप तयार आहे. बोलावणे मात्र आपण जाऊन केले पाहिजे; हळदीकुंकवाचे आमंत्रण जसे घरी जाऊन करतो, तसे. मी जाणारच आहे. माझ्याबरोबर कोणकोण येणार, तेवढे सभा संपल्यावर सांगा.