मोटारसायकलची बॅटरी : लाल आधी, काळी मागून



उन्हाळ्याची सुट्टी संपवून गुरुजी जूनमध्ये लातूरला परततात. दीड महिना मोटारसायकल ओसरीत उभी असते. बटन दाबावं, तर नुसता ‘टक्’ असा आवाज. आखाड्यावरच्या शेतकऱ्याचीही तीच गत. लोहा-कंधारकडे काय किंवा अहमदपूर-औशाकडे काय, रात्री कुणाला पान लागलं, विंचू चावला, तर दवाखाना गाठायला दारातली मोटारसायकलच कामी येते. ती ऐन वेळी रुसून चालत नाही.

पूर्वी बॅटरी उतरली तरी पुष्कळ गाड्या किक मारून चालू होत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचा नियम आला आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्याचा पंप विजेवर चालतो. बॅटरी पार उतरली, की किकचाही पुष्कळदा उपयोग होत नाही. म्हणून घरी एक लहान चार्जर असावा. अशा पुष्कळ चार्जरसोबत कड्या असलेली एक वायर मिळते. ती बॅटरीला कायमची जोडून ठेवली, की पुढे नुसता प्लग जोडायचा. पण ही जोडणी रीतसर झाली पाहिजे.

माझीच गोष्ट सांगतो. एकदा घाईत मी बॅटरीची लाल वायर आधी सोडायला गेलो. पाना गाडीच्या चेसिसला टेकला. लखकन ठिणगी उडाली आणि तळहाताला चांगलाच चटका बसला. चूक काय झाली? बॅटरीचं ऋण टोक काळ्या वायरीने चेसिसला जोडलेलं असतं. धन टोकावरचा पाना चेसिसला लागला, की विजेचं मंडल पुरं होतं. तेच काळी वायर आधी सोडली असती, तर पाना चेसिसला लागला तरी मंडल अपुरंच राहिलं असतं. गुरुजींनी विज्ञानाच्या तासाला हे फळ्यावर काढून दाखवावं.

तेव्हा क्रम असा. चावी काढून खिशात ठेवा. काळी वायर सोडा, मग लाल. आता चार्जरच्या वायरीची लाल कडी गाडीच्या लाल वायरीसोबत धन टोकावर ठेवून बोल्ट आवळा. त्यानंतर काळी कडी ऋण टोकावर. लाल वायरीत बॅटरीजवळच फ्यूज असलाच पाहिजे. धक्क्यांनी वायर घासून उघडी पडली आणि चेसिसला लागली, तर फ्यूज जाईल आणि भागेल. फ्यूज नसेल, तर वायर तापून लाल होईल, आणि जवळच पेट्रोलची टाकी असते! वायर सायलेन्सरपासून आणि हॅंडलच्या वळणापासून दूर बांधा. मोकळ्या प्लगवर रबरी टोपण घाला.

चार्ज करताना आधी वायर जोडावी, मग भिंतीवरचं बटन चालू करावं. काढताना आधी बटन बंद. कड्यांची वायर नसून चिमटे असतील, तर लाल चिमटा धन टोकाला आणि काळा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या धातूला लावावा. कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. शंभर भाग हवेत तो चार भाग झाला, की एका ठिणगीने पेटू शकतो. म्हणून गाडी उघड्यावर घ्या. जवळ चूल नको, बिडी नको.

ट्रॅक्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जर इथे लावू नये. चार अँपिअर-तासांच्या बॅटरीला साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याचा, म्हणजे ०.४ अँपिअरचा प्रवाह सोसतो. बॅटरी लिथियमची असेल, तर चार्जरही तिचाच हवा. आम्ल अंगावर उडालं, तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं. डोळ्यात गेलं, तर धुता धुताच दवाखान्याची वाट धरावी.

शेवटी एवढंच ध्यानात ठेवा : जोडताना लाल आधी, काळी मागून, सोडताना काळी आधी, लाल मागून. हे गॅरेजवाल्या मिस्त्रीला पाठ असतं. आपल्याही घरातल्या पोराबाळांना पाठ असू द्या.