कचेरीतील हिंसा : प्रश्न केवळ पहाऱ्याचा नाही

(मांजरी येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मांजरीच्या शिवारात एकेकाळी ऊस आणि भाजीपाला डोलत होता. आज तेथे भाड्याच्या इमारती उभ्या आहेत. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महानगरपालिकेत गेले. नदीपलीकडे खराडी, अलीकडे मगरपट्टा. तेथील काचेच्या कचेऱ्यांत राबणारी असंख्य माणसे या परिसरात राहतात. त्यांत संगणकापुढे बसणारी तरुणी आहे, तिला घरी पोचविणारा चालक आहे, दारावरचा पहारेकरी आहे आणि फरशी पुसणारी बाईही आहे. कचेरीत या चौघांची एकमेकांशी ओळख नसते. गावात मात्र ती एकाच किराणा दुकानापुढे उभी असतात. कचेरीतील हिंसेचा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा.

सुशिक्षितांच्या कचेरीत हिंसा कसली, असा प्रश्न अजूनही केला जातो. पुण्याच्या अनुभवाने त्याला भीषण उत्तर दिले आहे. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री कामावर निघालेल्या बावीस वर्षांच्या मुलीवर, कंपनीच्या कामावर लावलेल्या मोटारीच्या चालकाने व त्याच्या मित्राने बलात्कार केला आणि गहुंजेजवळ तिची हत्या केली. ऑक्टोबर २००९ मध्ये खराडी येथे घरी जाण्यासाठी वाहनाची वाट पाहणाऱ्या एका अभियंता स्त्रीचा तसाच अंत झाला. २९ जानेवारी २०१७ या रविवारी हिंजवडीच्या एका कचेरीत एकटीच काम करीत बसलेल्या तरुण अभियंतीचा संगणकाच्या केबलने गळा आवळण्यात आला. या खुनाबद्दल पकडला गेला तो त्याच इमारतीचा पहारेकरी. आणि ७ जानेवारी २०२५ रोजी येरवड्यातील एका कंपनीच्या वाहनतळावर, पैशांच्या वादातून, सहकाऱ्यानेच एका तरुणीवर धारदार शस्त्राने वार केले. भोवती माणसे होती. ती पाहत उभी राहिली.

अशा प्रत्येक घटनेनंतर व्यवस्थापनांचा उपाय ठरलेला असतो : आणखी कॅमेरे, आणखी पहारेकरी, गळ्यातले ओळखपत्र तपासण्याची आणखी एक जागा. परंतु चालक, पहारेकरी आणि सहकारी हे तिघेही बाहेरून भिंत ओलांडून आलेले नव्हते. कॅमेरा घडलेल्या गोष्टीचा पुरावा देतो. घडू पाहणारी गोष्ट तो थांबवीत नाही. शिक्षेचेही तेच. २००७ च्या खटल्यात २०१२ साली फाशीची शिक्षा झाली आणि अंमलबजावणीतील विलंबामुळे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती पस्तीस वर्षांच्या कारावासात बदलली. न्यायालयाचे काम गुन्ह्यानंतर सुरू होते. त्याआधीचे काम कोणाचे?

ते काम कामाची रचना ठरविणाऱ्यांचे आहे. सुटीच्या दिवशी एकटीला कामावर बसविणे, रात्रीची वाहतूक सर्वांत स्वस्त कंत्राटदाराकडे सोपविणे, पहारेकरी कोणत्या एजन्सीचा आहे याची चौकशीही न करणे, हे निर्णय खर्च वाचविण्यासाठी घेतले जातात आणि त्यांची किंमत दुसरेच कोणी मोजते. पहारेकऱ्यांच्या नोकरीचे नियमन व्हावे म्हणून महाराष्ट्राने १९८१ साली स्वतंत्र कायदा केला. पण सूट मिळविलेल्या एजन्सींच्या वाटेने कंत्राटी पद्धती पुन्हा शिरली. तथापि येथे एक सावधगिरी हवी. कंत्राटी आहे म्हणून कोणी हिंसक होत नाही. तसा संशय पसरविणे हा हजारो प्रामाणिक कष्टकऱ्यांवरचा अन्याय होईल. येरवड्यात वार करणारा कचेरीतलाच कर्मचारी होता, हे विसरता येणार नाही.

कायदा नाही असेही नाही. राजस्थानातील भंवरीदेवी या ग्रामीण कार्यकर्तीवरील अत्याचारानंतर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा निकाल दिला आणि त्यातून २०१३ चा कायदा आला. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कचेरीत तक्रार समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा हवा. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी. कंत्राटी कामगार स्त्रीलाही हे संरक्षण आहे आणि कंपनीने पुरविलेले वाहन हीदेखील कामाचीच जागा आहे. पण गोवा विद्यापीठाशी संबंधित प्रकरणात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयालाच या अंमलबजावणीतील गंभीर उणिवांवर बोट ठेवावे लागले. शिवाय हा कायदा स्त्रियांच्या लैंगिक छळापुरता आहे. धमकी, मारहाण, वरिष्ठांकडून होणारी मानखंडना त्यात बसत नाही. २०१९ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने स्वीकारलेला १९० क्रमांकाचा करार कामाच्या जागेवरील सर्व प्रकारच्या हिंसेचा विचार करतो. जाण्यायेण्याची वाटही त्यात धरली आहे. तो मान्य करण्याची मागणी दिल्लीपर्यंत गेली पाहिजे.

परंतु दिल्लीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मांजरीत राहणाऱ्या प्रत्येक कचेरी कर्मचाऱ्याला कार्यकर्त्यांनी साधे प्रश्न विचारावेत. तुमच्या कचेरीत समिती आहे काय? तिच्या नेमणुकीचा आदेश दर्शनी भागी लावणे कायद्याने बंधनकारक आहे. तो लावला आहे काय? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती, संरक्षण आणि घराच्या दारापर्यंत वाहन हवे; ते मिळते काय? दहापेक्षा कमी माणसांच्या कचेरीतील आणि घरकाम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, हे तिला ठाऊक आहे काय?

याहून कठीण काम दुसरे आहे. संगणकावर काम करणारा स्वतःला कामगार मानीत नाही, म्हणून त्याला संघटना नको वाटते. संघटना नाही म्हणून पहिली धमकी, पहिला पाठलाग, पहिले अश्लील बोलणे एकटीने गिळावे लागते. तक्रार केली तर नोकरी जाईल, ही भीती कोणतीही समिती एकट्याने घालवू शकत नाही. पाठीशी उभी राहणारी चार माणसेच ती घालवितात. येरवड्याच्या वाहनतळावर उणीव होती ती नेमकी अशा माणसांची.

म्हणून मांजरीतील पुढच्या बैठकीला अभियंता, चालक, पहारेकरी आणि सफाईची बाई या चौघांनाही बोलवावे आणि एकाच सतरंजीवर बसवावे. ज्यांची नावे एकमेकांना माहीत आहेत, ती माणसे संकटाच्या वेळी नुसती पाहत उभी राहण्याचा संभव कमी असतो.