शिक्षकाचा तास शिक्षकाला



शिक्षकांचा उत्साह टिकावा, त्यांना कामात आनंद वाटावा, यासाठी काय केले पाहिजे, हा आजचा विषय आहे. मी शिक्षक नाही. माझे आयुष्य कारखान्यांच्या फाटकावर सभा घेण्यात आणि मालकांशी करार करण्यात गेले. तेव्हा शिकवावे कसे, हे मी सांगणार नाही. शाळेकडे मी कामाची एक जागा म्हणून पाहणार आहे. शिक्षक हा आधी काम करणारा माणूस आहे, ही साधी गोष्ट आपण विसरतो. ५ सप्टेंबरला त्याला गुरू म्हणून हार घालतो आणि ६ सप्टेंबरला त्याच्या हातात तक्ते व याद्या देतो.

पहिला प्रश्न पोटाचा. ज्याला कमी द्यायचे, त्याच्या कामाला पवित्र म्हणायचे, ही रीत जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा शिक्षकाची नुसती स्तुती केली नाही. प्राथमिक शिक्षकाला किमान १२ रुपये आणि मोठ्या गावांत १५ किंवा २० रुपये पगार असावा, असा आकडाच मांडला. आपण मात्र २००० साली शिक्षणसेवक योजना आणली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे पूर्ण पगाराऐवजी मानधनावर काढायची. २०२३ मध्ये ते मानधन वाढून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. पण शेजारच्या वर्गातला कायम शिक्षक जे काम करतो तेच काम हाही करतो. कायम कामगाराच्या बाजूला, त्याच यंत्रावर, कमी पैशांत कंत्राटी माणूस उभा केला, तर आम्ही त्याला अन्याय म्हणतो. शाळेत त्याला दुसरे नाव देण्याचे कारण नाही.

मग पगार पुरेसा झाला की माणूस आनंदी होतो का? इथे मी माझ्या सहकाऱ्यांना न रुचणारी गोष्ट सांगणार आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग भागातील सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांना विचारले, की कामावर तुम्हाला फार बरे केव्हा वाटले आणि फार वाईट केव्हा वाटले? १९५९ साली त्याचे पुस्तक निघाले. त्याचा निष्कर्ष असा, की अपुरा पगार, जाचक देखरेख, वाईट परिस्थिती यांनी माणूस नाराज होतो. पण त्या गोष्टी सुधारल्या म्हणून तो खूश होतोच असे नाही. खुशी येते ती काम साधल्याने, त्याची कदर झाल्याने आणि आपल्यावर जबाबदारी सोपवल्याने. मालक लोक यातला दुसराच भाग वाचतात आणि पगाराऐवजी प्रशस्तिपत्रक देतात. संघटनेने पहिलाच भाग वाचून थांबू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

शिक्षकाचे काम साधते म्हणजे काय होते? कालपर्यंत अडखळणारे पोर आज सरळ वाचू लागते. हा त्याचा आनंद. त्याला वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ आपण काढून घेतो.

जरा हिशेब करू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे. रोज फक्त अर्धा तास माहिती भरण्यात गेला, तर वर्षाचे १०० तास गेले. आठशेतला आठवा हिस्सा! साठ मुलांपर्यंतच्या शाळेला हा कायदा दोन शिक्षक देतो. त्यातला एक तालुक्याला बैठकीला गेला, की सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. त्या दिवशी शाळा उघडी असते, पण शिकवणे होत नाही. घरी जाताना त्या शिक्षकाच्या मनात कसले समाधान असणार?

कायदा याविषयी गप्प नाही. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असे कलम २७ सांगते. निवडणुकीचे आणि मतदारयाद्यांचे कामही सुटीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले. शिवाय आठवड्याच्या ४५ तासांत पाठाच्या तयारीचा वेळ याच कायद्याने धरला आहे. म्हणजे तयारी हे काम आहे, उपकार नव्हे. कातारीला हत्यार पाजळायला वेळ देऊ नका असे कोणता शहाणा फोरमन म्हणेल?

दुसरी गोष्ट शब्दाला किंमत असण्याची. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिस येथे शिक्षकांच्या दर्जाविषयीची आंतरराष्ट्रीय शिफारस मंजूर झाली. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून ती तयार केली होती. अध्यापनाची साधने व पद्धती निवडण्यात शिक्षकाचा वाटा असावा, असे तीत म्हटले आहे. आपल्याकडे उपक्रम वरून येतो आणि त्याचे छायाचित्र खालून वर जाते. मधल्या माणसाला कोणी विचारत नाही. ज्याला विचारले जात नाही, तो हुकमाचा ताबेदार होतो. आणि ताबेदाराकडून उत्साह मागता येत नाही.

संघटनेवरही यातून जबाबदारी येते. मागण्यांच्या यादीत महागाईभत्त्याच्या शेजारी ‘वर्गात अखंड वेळ’ ही मागणी हवी. आणि जो वर्गातच जात नाही, त्याची ढाल संघटनेने होऊ नये. कारण त्याच्या वाटणीचे ओझे दुसऱ्या शिक्षकावरच पडते.

शेवटी, श्रोतेहो, तुमचे काम. अनुदानित व सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. म्हणजे तुमच्यापैकी पुष्कळजण तिथे बसता किंवा बसू शकता. पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात आमच्या शिक्षकांना वर्गाबाहेर किती दिवस, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या आदेशाने नेले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि दर महिन्याला विचारा. शिक्षकाने हा प्रश्न विचारला तर त्याला कामचुकार म्हणतील. पालकांनी विचारला तर उत्तर द्यावे लागेल, कारण तो तास शिक्षकाचा आहे तितकाच तुमच्या मुलाचाही आहे.