फोटोखालची ओळ

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे ‘रशियाचं निसर्गदर्शन, स्लाइड्ससह’. निसर्ग येईल, स्लाइड्सही येतील. पण आधीच सांगितलेलं बरं, की आजची संध्याकाळ खर्ची पडणार आहे ती फोटोच्या खाली लिहायच्या एका ओळीवर. ठिकाण कोणतं, साल कोणतं, समोर उभा असलेला माणूस कोण. ही ओळ नसेल तर देखण्यातला देखणा फोटो दोन पिढ्यांत मुका होतो, असा या वक्त्याचा जुना आग्रह आहे. त्यासाठी आज साक्षीला बोलावलं आहे सेर्गेई मिखाइलोविच प्रोकुदिन-गोर्स्की यांना.

झारशाही, १९०५ ची क्रांती, पहिलं महायुद्ध हे या सभागृहाला नव्यानं सांगायला नको. इथल्या निम्म्या लोकांचं बालपण मॉस्कोच्या रादुगा आणि प्रगती प्रकाशनाच्या मराठी पुस्तकांवर पोसलेलं आहे. (मागच्या रांगेतून : “अजून आहेत घरी!” हशा.) तेव्हा थेट १९०९ मध्ये जाऊ.

त्या वर्षीच्या मे महिन्यात त्सारस्कोये सेलोच्या राजवाड्यात झार निकोलस दुसरा याच्यासमोर पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली गेली. दाखवणारा होता हाच प्रोकुदिन-गोर्स्की, पंचेचाळिशीतला रसायनतज्ज्ञ. १९०२ मध्ये बर्लिनला जाऊन आडोल्फ मीटे या प्राध्यापकाकडे रंगीत छायाचित्रणाचा अभ्यास करून आलेला, ‘हौशी छायाचित्रकार’ या अर्थाच्या नावाच्या मासिकाचा संपादक, आणि आदल्याच वर्षी यास्नाया पोल्याना इथं जाऊन टॉलस्टॉयचा रंगीत फोटो काढून आलेला. टॉलस्टॉय तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होता. तो निळा सदरा आणि ती वेताची खुर्ची तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेली असेल.

झारपुढे मांडलेली योजना अशी : दहा वर्षांत दहा हजार रंगीत फोटो काढायचे, अख्खं साम्राज्य टिपायचं आणि ते शाळाशाळांतल्या मुलांना पडद्यावर दाखवायचं. हे साम्राज्य होतं दोन कोटी चौरस किलोमीटरहून मोठं, म्हणजे आजच्या भारताच्या सहापटीहून अधिक. झारनं होकार दिला. डार्करूम असलेला रेल्वेचा खास डबा मिळाला, नद्यांसाठी आगबोट मिळाली, उरलच्या डोंगरांसाठी फोर्ड गाडी मिळाली. शिवाय कुठंही शिरता यावं असा परवाना, आणि वाटेत अधिकाऱ्यांनी मदत करावी असा हुकूम.

पहिली स्लाइड लावा.

फोटो पाहण्याआधी तो काढला कसा हे कळायला हवं. सुमारे नऊ सेंटीमीटर रुंद आणि चोवीस सेंटीमीटर लांब अशी एक काच. तिच्यावर एकाखाली एक तीन फोटो : पहिला निळ्या फिल्टरमधून, दुसरा हिरव्या, तिसरा लाल. काचेवर उमटतं ते काळं-पांढरंच. दाखवताना तीन भिंगांचा प्रोजेक्टर, त्याला तेच तीन रंग, आणि पडद्यावर तिन्ही प्रकाशचित्रं एकमेकांवर बरोबर बसवायची. दगड, देऊळ, झाड स्थिर असतं, म्हणून ते बिनबोभाट जुळतं. हलणारं जुळत नाही. ही नदी पाहा. पाणी जिथं वाहतंय तिथं गुलाबी, हिरवे, निळे पट्टे फुटलेत. धुरातही तसंच. एखाद्या मुलानं मधेच मान वळवली तर त्याच्या चेहऱ्याला तीन रंगांच्या तीन कडा येतात.

यात आणखी एक मोठी गोष्ट दडलेली आहे. रंग काचेत नव्हताच, काचेत होती चांदी. आपल्या घरातले सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो आज तांबडे-पिवळे पडलेत, कारण त्यांतली रंगद्रव्यंच विरली. या काचांमध्ये विरण्यासारखा रंगच नाही. म्हणून शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्यांतून जुळवलेली हिरवळ ताजी दिसते.

पुढची स्लाइड. १९०९, मारीन्स्की जलमार्ग. व्होल्गेचं खोरं आणि सेंट पीटर्सबर्ग यांना नद्या, तळी आणि कालव्यांनी जोडणारा हा रस्ता. किरिलोव गावाजवळ शेक्स्ना नदीच्या परिसरात तीन मुली हातात रानबेरीच्या बश्या घेऊन उभ्या आहेत. अंगावर झळझळीत रंगांचे झगे, मागं लाकडी घर. प्रोकुदिन-गोर्स्कीचा हा बहुधा सर्वांत लाडका झालेला फोटो, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर मिरवलेला. त्यानं ठेवलेल्या अल्बममध्ये या फोटोखाली लिहिलंय : शेतकरी मुली. बस. जगभर पोचलेल्या या तीन चेहऱ्यांना नाव नाही.

आता त्याच वर्षीचा, त्याच जलमार्गावरचा हा दुसरा फोटो पाहा. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा. देखणेपणात तो त्या मुलींच्या पासंगालाही पुरणार नाही. पण खालची ओळ वाचा : पिन्खुस कार्लिन्स्की, वय ८४, सेवा ६६ वर्षं, चेर्निगोव्ह जलद्वाराचा पर्यवेक्षक.

(एक श्रोते : “सहासष्ट वर्षं? मग पेन्शन कधी घेतली?” हशा.)

प्रश्न रास्त आहे. विचारणारे गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत असं शेजारून कळतंय, तेव्हा हा माणूस त्यांच्या ओळखीचाच म्हणायचा. आपल्याकडे कालव्याच्या दारांशी पाटकरी असतो, तसा हा रशियाच्या जलमार्गावरचा. पण आकडेमोड करून पाहू. १९०९ मध्ये ८४ वर्षांचा, म्हणजे जन्म १८२५ च्या आसपास. सेवा ६६ वर्षं, म्हणजे साधारण अठराव्या वर्षी, १८४३ च्या सुमारास हा कामाला लागला. तेव्हा गादीवर पहिला निकोलस होता. त्याच्यानंतर दुसरा अलेक्झांडर, मग तिसरा अलेक्झांडर, मग दुसरा निकोलस. चार झार आले आणि हा तिथंच. रशियातली भूदासपद्धत रद्द झाली १८६१ मध्ये. तोवर याच्या नोकरीला अठरा वर्षं होऊन गेली होती.

आणि नाव पाहा. पिन्खुस हे ज्यू नाव. झारच्या राज्यात ज्यूंना राहायला पश्चिमेकडचे ठरावीक प्रांत आखून दिले होते. त्याबाहेर कायम वस्ती करायची तर खास सवलत लागे. हा जलमार्ग त्या हद्दीच्या बाहेरचा. मग हा अठरा वर्षांचा पोरगा इतक्या उत्तरेला आला कसा, कोणत्या सवलतीनं राहिला, सहासष्ट वर्षं टिकला कसा? हे प्रश्न फोटो विचारत नाही, फोटोखालची ओळ विचारते. १९६४ मध्ये व्होल्गा-बाल्टिक जलमार्ग सुरू झाला आणि मारीन्स्की मार्गावरच्या जुन्या लाकडी जलद्वारांचा काळ संपला. त्या साऱ्या व्यवस्थेतला एक माणूस मात्र नाव, वय आणि हुद्द्यासह आपल्यासमोर उभा आहे.

या म्हाताऱ्यानं ठरवल्यापेक्षा जास्त वेळ घेतला खरा. पण असाच दुसराही लगेच दाखवायला हवा. १९१०, उरलमधलं झ्लातोउस्त. आंद्रेई पेत्रोव्ह काल्गानोव, वय ७२, शस्त्रांच्या कारखान्यात ५५ वर्षं काम. शेजारी मुलगा आणि नात, तेही त्याच कारखान्यात. आजोबांचा पोशाख जुन्या वळणाचा, मुलगा आणि नात शहरी कपड्यांत. उद्योगीकरणावरचं एक प्रकरण वाचल्यावर जे कळतं, ते इथं तीन माणसांच्या अंगावरच्या कपड्यांत दिसतं.

निसर्ग कुठं आहे, असं समोरच्या काही चेहऱ्यांवर उमटलेलं दिसतंय. तो आलाच. ही चुसोवाया नदी, काठावर उभे खडक. हा उरलमधला तागानाय डोंगर. हा सेलिगेर सरोवराच्या बेटावरचा नील मठ. हा व्होल्गेचा उगम : ३,५०० किलोमीटर वाहणारी, युरोपातली सर्वांत लांब नदी, आणि इथं दलदलीतून निघालेला ओढा, त्यावर लाकडी प्रार्थनाघर. याच व्होल्गेकाठच्या त्वेर शहरातला अफानासी निकितिन पंधराव्या शतकात आपल्या चौलच्या बंदरात उतरला, जुन्नरला राहिला, बिदरपर्यंत गेला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. निकितिननं गावांची नावं लिहून ठेवली म्हणून त्याच्या वाटेवरून आज कुणालाही चालता येतं. प्रोकुदिन-गोर्स्कीच्या बाबतीत हेच प्रत्यक्षात घडलं. विल्यम ब्रमफील्ड हे अमेरिकन वास्तुइतिहासकार १९७० मध्ये पहिल्यांदा सोव्हिएत संघात गेले आणि पुढची कित्येक दशकं कॅमेरा घेऊन रशियाभर फिरले. प्रोकुदिन-गोर्स्कीनं टिपलेल्या अनेक वास्तूंसमोर जाऊन त्यांनी पुन्हा फोटो काढले. २०२० मध्ये त्यांचं या दोन प्रवासांवरचं पुस्तक आलं. जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी-शेजारी : कुठं घुमट शाबूत, कुठं भग्न, कुठं देऊळच नाहीसं. खाली गावाचं नाव नसतं तर ब्रमफील्ड उभे कुठं राहिले असते?

(एक श्रोत्या : “पण हे सगळं झारच्या पैशानं आणि झारच्या सोयीचंच ना? भूक कुठं आहे यात? बंड कुठं आहे?”)

आक्षेप योग्य आहे आणि तो टाळायचा नाही. सोयी राजसत्तेच्या होत्या, चौकटीत काय घ्यायचं याचा कलही तिकडचाच होता : मठ, पूल, कारखाने, नेपोलियनशी झालेल्या लढाईच्या शताब्दीच्या आदल्या वर्षी बोरोदिनोची रणभूमी. दुष्काळातली खेडी किंवा संपावरचे मजूर या संग्रहात शोधायला जाऊ नये. पण म्हणून हे फोटो निव्वळ दरबारी ठरत नाहीत. मध्य आशियातल्या बुखाऱ्याचा हा फोटो पाहा. तुरुंगाचे गज, त्यामागं दाटीवाटीनं बसलेले कैदी, बाहेर पहारेकरी. गणवेश रशियन धर्तीचा, हातात संगीन लावलेली रशियन बंदूक. बुखारा नावापुरता अमिराचा, अंमल झारचा, हे त्या बंदुकीइतकं स्पष्टपणे झारच्या कुठल्या टीकाकारालाही सांगता आलं नसतं. छायाचित्रकाराला काय दाखवायचं होतं आणि काचेनं काय धरून ठेवलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काच जास्त प्रामाणिक असते, फक्त तिच्याखाली ठिकाण आणि साल हवं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे : दहा मिनिटं. तेव्हा मध्य आशियातलं तुर्कस्तान आणि कॉकेशस धावत-पळत.

हा बुखाऱ्याचा अमीर आलिम खान, १९११. निळा भरजरी अंगरखा, कमरेला तलवार. नुकताच गादीवर बसलेला. १९२० मध्ये लाल सैन्य आलं आणि तो पळाला. १९४४ मध्ये काबूलमध्ये निर्वासित म्हणून वारला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये, परागंदा अवस्थेतच, प्रोकुदिन-गोर्स्कीही गेला. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना त्यांच्या मुलखात मरण आलं नाही.

हा समरकंदचा खरबूजवाला. या जॉर्जियातल्या चाक्वाच्या चहामळ्यात पानं खुडणाऱ्या ग्रीक बायका, आणि हा तिथल्याच चहाच्या कारखान्याचा चिनी फोरमन लाउ. जॉर्जियाचा डोंगर, ग्रीक मजूर, चिनी जाणकार, पिणारे रशियन. साम्राज्य म्हणजे काय ते चहाच्या एका मळ्यात आलं. ही १९१५ मधली मुर्मान्स्क रेल्वे, रुळांच्या कामावरचे हे ऑस्ट्रियन युद्धकैदी. पुढच्या स्लाइड्स राहू द्या.

शेवट सांगायला हवा. दहा हजारांचं स्वप्न अपुरं राहिलं. शाळाशाळांत दाखवायची योजनाही तडीस गेली नाही. क्रांती झाली, १९१८ मध्ये प्रोकुदिन-गोर्स्की रशिया सोडून निघाला, नॉर्वे, इंग्लंड करत फ्रान्सला पोचला. काही काचा मागं राहिल्या, पुष्कळशा पुढं त्याच्याकडे पोचल्या. १९४८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं वारसांकडून १,९०२ काचा आणि त्याचे अल्बम विकत घेतले. कॉम्प्युटरनं तीन चित्रं अचूक जुळवता येऊ लागली तेव्हा, २००१ मध्ये, त्यांचं रंगीत प्रदर्शन भरलं आणि २००४ पर्यंत सगळ्याच काचांचे रंग जुळवून झाले. आज ते कुणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येतात.

यातला अल्बम हा शब्द विसरू नका. काढलेल्या फोटोचा लहानसा तपकिरी ठसा तो अल्बममध्ये चिकटवायचा आणि खाली ओळ लिहायचा. ज्या काचांचे ठसे अल्बममध्ये सापडले त्यांची ठिकाणं लागली. ज्यांचे नाहीत, त्यांच्यासाठी अभ्यासकांना डोंगराची कड, घुमटाचा आकार, नदीचं वळण यांवरून वर्षानुवर्षं माग काढावा लागला.

आपल्याकडे काय स्थिती आहे? कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात आजोबांच्या चारधाम यात्रेचे फोटो असतात, मामाच्या लष्करातल्या पोस्टिंगचे असतात, कुणी मॉस्कोला शिकायला गेलं होतं तिथल्या बर्फातले असतात. मागं कोरं. फोनमध्ये लडाखचे चारशे फोटो असतात आणि व्हॉट्सॲपवरून पुढं पाठवले की तारीख-ठिकाणाची आतली नोंदही गळून पडते. गाडी चालवणाऱ्याचं, चहा देणाऱ्या बाईचं, वाट दाखवणाऱ्या पोराचं नाव तर आपण विचारलेलंही नसतं.

तेव्हा विनंती अशी. या आठवड्यात घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ तो डबा घेऊन बसा. प्रत्येक फोटो दाखवा, ठिकाण विचारा, साल विचारा, कोण कोण आहे ते विचारा. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. आणि पुढच्या प्रवासात डोंगराचा फोटो काढाल तेव्हा त्या डोंगरात राहणाऱ्या एका तरी माणसाला विचारून त्याचं नाव, वय आणि काम लिहून घ्या.