किल्ल्यांचा जुडगा आणि तिजोरी

परवलीचा शब्द मुळात छावणीतला. पहारेकऱ्याने हटकावे, येणाऱ्याने ठरलेला शब्द उच्चारावा आणि आत जावे, एवढेच त्याचे काम. आज हीच परवल प्रत्येक गृहस्थाच्या दारी येऊन ठेपली आहे. बँकेचे खाते, ई-मेल, विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, मुलांच्या शाळेची फी या प्रत्येकासाठी निराळा पासवर्ड हवा असतो. माणसाची स्मरणशक्ती मात्र होती तेवढीच आहे.

मग मनुष्य सोपी वाट धरतो. एकच शब्द तो सर्वत्र वापरतो, आणि तोही बहुधा मुलाचे नाव व जन्मसाल जोडून केलेला. येथेच घात होतो. एखाद्या किरकोळ दुकानाची नोंदवही चोरीस गेली, की चोर तोच शब्द यंत्राकरवी बँकेच्या दारावरही लावून पाहतो. एका किल्लीने सारी कुलपे उघडत असतील, तर कुलपे अनेक असून उपयोग काय?

पासवर्ड मॅनेजर ही सोय या अडचणीतून निर्माण झाली. ही एक तिजोरी होय. प्रत्येक ठिकाणासाठी लांबलचक, अर्थहीन शब्द ती स्वतःच घडविते, जपून ठेविते आणि वेळेवर पुढे करते. मालकाने लक्षात ठेवावयाचा तो एकच मुख्य शब्द. चांगल्या व्यवस्थेत तिजोरीला कुलूप लागते ते मालकाच्याच यंत्रावर. कंपनीच्या कोठारात जाते ती बंद पेटी, आणि मुख्य शब्द कंपनीला ठाऊक नसतो. शिवाय बँकेच्या नावाने कोणी हुबेहूब खोटे पान मांडले, तर माणसाचा डोळा फसतो. मॅनेजर पत्ता ताडून पाहतो आणि तो जुळला नाही तर शब्द पुढे करीत नाही.

परंतु सारे धन एका जागी ठेवावे काय, ही शंका रास्त आहे. १९६६ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या सामायिक संगणकावर एका चुकीमुळे सर्वांच्या पासवर्डांची यादी येणाऱ्या प्रत्येकासमोर उघडी पडली. २०२२ साली लास्टपास या कंपनीवर याहून मोठा प्रसंग ओढवला. चोरांनी तिच्या एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकात शिरकाव केला, त्याने टंकलेला मुख्य शब्द टिपून घेतला आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती पळविल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते. संकेतस्थळांचे पत्ते मात्र उघडे होते.

या दोन घटनांतील फरक ध्यानी घेण्याजोगा आहे. पहिल्या खेपेस शब्द उघडेच मिळाले. दुसऱ्या खेपेस बंद पेट्या मिळाल्या. पेटी हाती आल्यावर चोराला घाई नसते; तो घरी बसून अंदाज करीत राहतो. म्हणून मुख्य शब्दापासून किल्ली घडविताना तेच गणित मुद्दाम सहस्रावधी वेळा करण्याची योजना असते, जेणेकरून प्रत्येक अंदाजाला वेळ लागावा. लास्टपासने २०१८ साली ही संख्या १,००,१०० केली होती, पण कित्येक जुन्या खात्यांत ती ५,००० किंवा त्याहूनही कमी राहून गेली होती. ज्याचा मुख्य शब्द आखूड व ओळखीचा, त्याची पेटी अशा वेळी धोक्यात येते. ज्याचा लांब व अनपेक्षित, त्याची बहुधा टिकते.

तेव्हा तात्पर्य असे, की तिजोरी विश्वसनीय निवडावी, पण कंपनीच्या नावलौकिकावर निर्धास्त राहू नये. मुख्य शब्द पाच-सहा असंबद्ध शब्दांचा असावा. प्रसिद्ध अभंगाची वा प्रार्थनेची ओळ नको, कारण चोरही ती जाणतो. हा शब्द अन्यत्र कोठेही वापरू नये. तिजोरीला दुसरी खूणही जोडावी, म्हणजे केवळ शब्द चोरून कोणाला खात्यात शिरता येणार नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. मुख्य शब्द विसरला, तर अनेक ठिकाणी कंपनीही तिजोरी उघडून देऊ शकत नाही. घरचा कर्ता पुरुष अकस्मात अंथरुणाला खिळला, तर पत्नीने बँकेचे व्यवहार कसे पाहावेत? यास्तव तो शब्द कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, घरच्या दस्तऐवजांबरोबर कुलपात ठेवावा आणि विश्वासाच्या एका माणसास जागा सांगून ठेवावी. परदेशातील चोराचा हात घरच्या कपाटातील कागदापर्यंत पोहोचत नाही.

सोय आणि सुरक्षितता यांचे वैर आहे असे मानण्याचे कारण नाही. शंभर किल्ल्यांचा भार तिजोरीने खुशाल वाहावा; एका किल्लीची जबाबदारी मात्र मालकाचीच राहते.