दर आणि किंमत

वाण्याच्या दुकानी पूर्वी जो पहिला प्रश्न विचारला जाई, तो ‘हे केवढ्याला?’ असा क्वचितच असे. ‘काय भाव लावला?’ असाच तो बहुधा असे. वरवर पाहता या दोन प्रश्नांत विशेष अंतर नाही. परंतु पहिल्याने किंमत कळते आणि दुसऱ्याने दर कळतो. आणि संसाराच्या मासिक खर्चात जी गळती होते, तिचा बराचसा भाग दर न विचारता केवळ किंमत पाहण्यामुळे होत असतो.

मण, शेर, छटाक, पायली या मापांचा तो काळ. एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेच्या शेराशी जुळेलच असा भरवसा नसे. त्यात पुन्हा आणे आणि पै यांचा हिशेब. तरीही शाळेचे तोंड न पाहिलेली गृहिणी पावशेर डाळीचे पैसे तोंडी सांगे. 1956 साली वजनमापांचा नवा कायदा झाला, 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि पुढील काही वर्षांत किलो व लिटर सर्वत्र रूढ झाले. हिशेब असा सोपा झाला. पण पुढे माल जसजसा बंद पुड्यांतून येऊ लागला, तसतशी तो करण्याची सवयच मोडली. पुड्यावर किंमत छापलेली असते. मग विचारावयाचे ते काय राहिले?

बिस्किटांच्या लहान पुड्याचेच उदाहरण घ्यावे. दहा रुपयांचा पुडा वर्षानुवर्षे दहा रुपयांनाच मिळतो, म्हणून तो स्वस्त राहिला असे घरोघरी मानले जाते. समजा, त्यात पूर्वी 100 ग्रॅम माल होता आणि आता 80 ग्रॅम आहे. किंमत हलली नाही. दर मात्र किलोला शंभर रुपयांवरून सव्वाशेवर गेला. भाव चौथाईने वाढला आणि घरात त्याची कोणी वाच्यताही केली नाही! कारखानदाराने येथे काही लपविलेले नसते. वजन पुड्यावर छापलेले असतेच. ते बारीक अक्षरांत असते आणि किंमत ठळक असते, इतकेच.

याच अडचणीवर उपाय म्हणून भारत सरकारने बंद पुड्यांच्या नियमांत दुरुस्ती केली, आणि किमतीच्या जोडीला ग्रॅमचा अथवा किलोचा दर छापणे आवश्यक ठरले. पुड्यावर ‘यू. एस. पी.’ अशी जी तीन अक्षरे आढळतात, तो हा दर होय. सोय उत्तम आहे; परंतु तिच्यात एक मेख आहे, ती ध्यानी न घेतल्यास तिचाच घोटाळा व्हावयाचा. किलोहून कमी वजनाच्या पुड्यावर दर ग्रॅमचा असतो. किलोहून अधिक असेल तर तो किलोचा असतो. अर्धा किलो पोह्यांच्या पुड्यावर 0.12 आणि दोन किलोंच्या पुड्यावर 110 असे आकडे दिसले, तर त्यांची तुलना करावी कशी? ग्रॅमच्या दराला हजाराने गुणावे, की किलोचा दर हाती येतो. येथे तो 120 रुपये होईल. शिवाय ग्रॅमचा दर पैशापर्यंतच छापतात, आणि ग्रॅममागे एक पैसा म्हणजे किलोमागे दहा रुपये! म्हणजे 116 रुपये दराचे पोहे आणि 124 रुपये दराचे पोहे, दोहोंवर आकडा 0.12 असाच येणार. तेव्हा महिन्याकाठी पुष्कळ लागणाऱ्या जिनसांचा तरी हिशेब स्वतः मांडलेला बरा.

तेलाची गोष्ट याहून निराळी. ते कधी लिटरने येते, कधी किलोने. आणि पुष्कळ घरांत एक लिटर म्हणजे एक किलो असे धरून चालतात. पाण्यापुरते हे खरे आहे. तेल पाण्याहून हलके; एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारणतः 910 ते 920 ग्रॅम भरते. यावरून 15 लिटरचा डबा 15 किलोंच्या डब्यापेक्षा चाळीस-पन्नास रुपयांनी स्वस्त मिळाला म्हणून आनंद मानणाऱ्याने सुमारे सव्वा किलो तेल कमी घेतलेले असते. त्यातही तेल तापले की फुगते. सोयाबीनचे एक लिटर तेल 21 अंश सेल्सिअसला सुमारे 919 ग्रॅम, तर 60 अंशांना सुमारे 893 ग्रॅम भरते. म्हणूनच 2022 साली सरकारने तेल भरणाऱ्यांना तपमानाचा उल्लेख वगळून परिमाण छापण्यास व त्याच्या जोडीला वजनही देण्यास सांगितले. ग्राहकाने वजनाचाच आकडा पाहावा, हे उत्तम.

मोठा पुडा घेतला की स्वस्त पडते, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. दर कमी असतो हे बहुधा खरे. परंतु दर लावावयाचा तो घरी आणलेल्या मालाला नव्हे, पोटात गेलेल्या मालाला. पाच किलो रव्यावर दहा टक्के सूट मिळाली आणि त्यातील अर्धा किलो जाळी धरून टाकावा लागला, तर सूट तेथेच फिटली. जुन्या घरांत चैत्र-वैशाखात वर्षाची बेगमी होत असे, ती केवळ भाव उतरलेला असतो म्हणून नव्हे. गहू उन्हात वाळवून त्याला एरंडेल चोळावयास माणसे होती, अंगण होते, कणग्या होत्या. तांदूळ तर जुना झाल्याने अधिकच मोकळा शिजे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी वीस किलो डाळ आणून ठेवणाऱ्याला यांपैकी काय उपलब्ध असते?

छापील किंमत ही कमाल किंमत होय, हेही अनेकांच्या ध्यानी नसते. तिच्याहून अधिक घेणे गुन्हा आहे. कमी घेण्यास कोणाचीच मनाई नाही. मात्र एकट्या ग्राहकाच्या शब्दाला दुकानी वजन थोडे. इंग्लंडातील रॉचडेल येथे 1844 साली मुख्यत्वे विणकर मंडळींनी वर्गणी जमवून पीठ, लोणी, साखर यांचे लहानसे दुकान काढले, ते याच कारणाने. मुंबईत 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानावाचूनच काम चालविले. शेजारपाजारची कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवितात, आणि माल आला की आपसांत वाटून घेतात. घाऊक खरेदीमुळे दर उतरतो, हा त्यातील उघड लाभ. दुसरा सहसा बोलला जात नाही. मागणी आधी लिहून द्यावयाची असल्यामुळे गृहिणीला स्वयंपाकघरातील डबे उघडून, कशात किती उरले आहे ते पाहूनच कागदावर आकडा घालावा लागतो. आणि त्या वेळी समोर दुकानाची मांडणी नसते, ‘एकावर एक मोफत’ची पाटीही नसते.