मोजपट्टी आणि माणूस : लिंगभाव-अस्वस्थतेच्या प्रश्नावल्यांविषयी



स्मृतिव्याख्यानासाठी आजचा विषय काहीसा अनपेक्षित वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजींनी हयातभर उत्तरपत्रिका तपासल्या; आणि गुण हे कशाचे माप आहे व कशाचे नाही, हा प्रश्न कोणत्याही विचारी शिक्षकाला चुकत नाही. त्याच प्रश्नाचे एक नाजूक रूप मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

जन्माच्या वेळी शरीरावरून ठरविलेले लिंग आणि माणसाला आतून जाणवणारी स्वतःची ओळख यांत विसंगती असणे, आणि तीमुळे दीर्घकाळ तीव्र अस्वस्थता भोगावी लागणे, याला मानसोपचारशास्त्रात ‘जेंडर डिस्फोरिया’ म्हणतात. मी त्यासाठी ‘लिंगभाव-अस्वस्थता’ हा शब्द वापरतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत हे नाव स्वीकारले. तोवर तेथे ‘जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर’, म्हणजे ओळखीचाच विकार, अशी नोंद होती. ओळख हा विकार नव्हे, तिच्यापायी होणारा त्रास हा उपचाराचा विषय, अशी त्या बदलामागची भूमिका. जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे रोगवर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्याने तर ही विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातूनच बाहेर काढली.

आता हा त्रास मोजायचा कसा? तो रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, क्ष-किरणांत उमटत नाही. ज्याचा त्याला विचारावा लागतो. म्हणून स्व-निवेदनाच्या प्रश्नावल्या निर्माण झाल्या. नेदरलँड्समधील पेगी कोहेन-केटेनिस व स्टेफनी व्हान गूझेन यांच्या १९९७ च्या अभ्यासामुळे परिचित झालेली उट्रेख्त मापनश्रेणी बारा विधानांची आहे. प्रत्येकाला एक ते पाच गुण, म्हणून एकूण बारा ते साठ. दुसरी प्रश्नावली २००७ सालची, कॅनडा-अमेरिकेतील संशोधकांची. केनेथ झुकर आणि हाइनो मायर-बालबुर्ग हे त्यांतले परिचित. तिच्यात सत्तावीस प्रश्न आहेत. तेरा मनातील जाणिवेविषयी, नऊ सामाजिक वावराविषयी, तीन शरीराविषयी आणि दोन सामाजिक-कायदेशीर बाबींविषयी. ‘गेल्या बारा महिन्यांत’ असा काळ धरून ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत उत्तर द्यायचे. येथे सरासरी जितकी कमी, तितकी अस्वस्थता अधिक. तीन ही सीमारेषा.

या दुसऱ्या प्रश्नावलीचे आकडे पाहू. अंतर्गत सुसंगतता, म्हणजे सर्व प्रश्न एकाच दिशेने बोलतात की नाही याचे माप, ०.९७ आले. पूर्ण सुसंगती म्हणजे एक. कोणत्याही विद्यापीठाच्या परीक्षामंडळाला हेवा वाटावा असा हा आकडा आहे. पण मानसमापनाचा विद्यार्थी येथे थोडा थबकतो. इतकी सुसंगतता कधीकधी एकच प्रश्न सत्तावीस प्रकारे विचारल्यानेही येते. विश्वसनीयता म्हणजे काट्याने दर वेळी तेच वजन दाखविणे. जे वजन हवे तेच तो दाखवितो का, हा सप्रमाणतेचा प्रश्न वेगळा.

त्याचे उत्तर संशोधकांनी असे शोधले. ७३ जण चिकित्सालयात आलेले, ३८९ जण विद्यापीठातील विद्यार्थी. सीमारेषा तीनवर ठेवली तेव्हा पहिल्या गटातील ९०.४ टक्के बरोबर ओळखले गेले आणि दुसऱ्या गटातील ९९.७ टक्के बरोबर वगळले गेले. टक्क्यांची माणसे करून पाहा : ७३ पैकी ६६ सापडले, ३८९ पैकी एक चुकून आत आला. कामगिरी उत्तम, यात शंका नाही. परंतु सात जण निसटले. ते स्वतःहून मदत मागायला आलेले होते. त्यांच्यापुरती प्रश्नावली शंभर टक्के चुकली.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. समजा, हीच प्रश्नावली कोणी उत्साहाच्या भरात दहा हजार विद्यार्थ्यांना वाटली, आणि त्यांत खरोखर अशी अस्वस्थता असणारे पन्नास आहेत. ही संख्या केवळ हिशेबासाठी धरली आहे. पन्नासांपैकी पंचेचाळीस सापडतील. उरलेल्या ९,९५० पैकी हजारी तीन या दराने सुमारे तीस जण चुकून आत येतील. म्हणजे बोट ठेवलेल्या पंचाहत्तरांत तीस चुकीचे, दर पाचांत दोन! प्रश्नावली तीच, आकडे तेच; चिकित्सालयातून पटांगणात आणल्याबरोबर तिचा निकाल पालटला. तेव्हा शाळा-महाविद्यालयांतून ‘चाचणी घेऊन पाहू’ असे कोणी सुचविले, तर या हिशेबाची आठवण द्यावी.

स्व-निवेदनाला आणखी एक पीळ आहे. उत्तरावर उपचाराचे दार उघडणार की बंद राहणार हे ठरत असेल, तर उत्तर देणारा ते जाणून असतो. हॅरी बेंजामिन यांचे या विषयावरील पुस्तक १९६६ साली आले. पुढे अमेरिकन चिकित्सालयांना उमगले की येणाऱ्यांच्या कहाण्या त्या पुस्तकाशी फारच जुळतात, कारण येणाऱ्यांनीही ते वाचले होते. याला लबाडी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. एकाच साच्यातली कहाणी मान्य होते असे दिसले की गरजू माणूस त्या साच्यात बोलतो. परीक्षेत कोणते उत्तर लिहायचे हे आपण विद्यार्थ्यांना वेगळे काय शिकवितो?

साचा प्रश्नावलीतही होता. उट्रेख्त श्रेणीच्या दोन आवृत्त्या होत्या, जन्मतः नोंदलेल्या लिंगानुसार. दोहोंतली विधाने समान नसल्याने गुणांची सरळ तुलना करणे धोक्याचे. शिवाय ज्याला स्वतःला पुरुष वा स्त्री यांपैकी काहीच म्हणवत नाही, त्याने कोणती आवृत्ती भरावी? २०२० मध्ये अठरा विधानांची, सर्वांना एकच अशी सुधारित श्रेणी प्रसिद्ध झाली, ती या अडचणीतूनच.

आता आपल्या अंगणात येऊ. याच जिल्ह्यात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर साडी नेसलेले जोगते आपण सर्वांनी पाहिले आहेत. ‘लोक आपल्याला स्त्री म्हणून वागवितात का’ अशा आशयाचा प्रश्न त्यांना विचारला, तर उत्तरात देवीची सेवा, समाजाने दिलेले स्थान आणि मनातली ओळख अशा तीन गोष्टी मिसळतील. टोरांटोच्या विद्यार्थ्यांवर ठरविलेली सीमारेषा तीन येथे तीनच राहील, असे मानायला आधार नाही. ती येथील माणसांवर नव्याने ठरवावी लागेल.

आणि भाषांतर! उट्रेख्त श्रेणीची विधाने प्रथमपुरुषी आहेत. इंग्रजीत, डचमध्ये, आपल्या शेजारच्या कन्नडमध्येही ‘मी जातो’ म्हणताना क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. मराठीत ते सांगते. मी मघाशी ‘वापरतो’ म्हटले आणि नकळत माझी नोंद होऊन गेली. ‘मी मुलासारखे वागणे पसंत करते’ असे छापले, तर उत्तराआधीच उत्तर छापले गेले. ‘करतो’ छापले, तरी तेच. जिची सारी व्यथा या एका प्रत्ययात आहे, तिला आपण तो प्रत्यय हाती देऊन मग विचारतो, तुला कसे वाटते? भाषांतर तपासण्याची रूढ रीत म्हणजे ते पुन्हा मूळ भाषेत उलटवून पाहणे. पण इंग्रजीत उलटविताच ‘करते’ आणि ‘करतो’ एकच होतात, आणि दोष दिसतच नाही.

वाट आहे, व ती मराठीतच आहे. ‘मला वाटते’ या रचनेत लिंग नाही. ‘तुम्ही गेलात का’ यातही नाही. ‘तू गेलास’, ‘तू गेलीस’ यांत आहे. म्हणून सत्तावीस प्रश्नांची प्रश्नावली, प्रश्नरूप असल्याने, मराठीत आणणे सोपे. मात्र किशोरवयीनांनाही ‘तुम्ही’च म्हणावे लागेल. शाळकरी मुलाला ‘तुम्ही’ म्हणणे आपल्याला परके वाटते खरे, पण येथे ते शिष्टाचारासाठी नसून मापनासाठी आहे.

पुण्याच्या प्रमाणभाषेत बसून हे काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट आपण बेळगावकरांनी सांगायला हवी. आपल्या भागात कितीतरी मुली आणि बायाबापड्या सहज ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. त्यात लिंगभावाची कोणतीही अस्वस्थता नाही. ती बोलीची रीत आहे. मुलाखत घेणारा बाहेरचा असेल, तर त्याच्या वहीत त्या एका ‘आलो’पुढे काय लिहिले जाईल, हे त्याला आधी समजावून द्यावे लागेल.